गोवराने माझ्या मुलाचा मेंदू खाल्ला. आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

मुलाच्या दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज काल परत आला. शेरा होता, ‘रुग्णाने प्रत्यक्ष उपस्थित राहावे.’ नऊ वर्षांच्या या रुग्णाला मान धरता येत नाही, नाकातल्या नळीतून पेज द्यावी लागते. सोबत जोडलेला डॉक्टरांचा दाखला कुणी उघडूनही पाहिला नाही.

त्याला एसएसपीई आहे, म्हणजे गोवराचा विषाणू मेंदूत राहून काही वर्षांनी मेंदू नासवतो तो आजार. सातव्या महिन्यात गोवर झाला, आणि लस मिळते नवव्या महिन्यात. इतक्या लहान बाळाला वाचवते ती आजूबाजूच्या मुलांनी घेतलेली लस. ती सगळ्यांपर्यंत पोचवणं तुमच्या खात्याचं काम होतं.

पुरळ आठवड्यात गेलं, विषाणू मेंदूत राहिला. दुसरीत अक्षर बिघडलं, पाठ असलेले पाढे विसरला. बाई म्हणाल्या, लक्ष देत नाही. मीही रागावलो त्याच्यावर. मग झटके सुरू झाले. जेवताना दर काही सेकंदांनी मान खाली जायची, घास ताटाबाहेर पडायचा, आणि तो आमच्या तोंडाकडे बघायचा. ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख, काढल्यावर आणि पाठीतलं पाणी तपासल्यावर आजार कळला. बहुतेक मुलं निदानानंतर एक ते तीन वर्षांत जातात. शंभरात पाचेक जणांचा आजार आपोआप थांबतो. आयसोप्रिनोसिन, इंटरफेरॉन या औषधांनी काहींच्या आजाराचा वेग मंदावतो, आजार बरा होत नाही. त्या पाचांच्या आशेवर आम्ही जमीन गहाण टाकली.

देशातून गोवर २०२० पर्यंत जाणार होता. मग २०२३ ठरलं, आता २०२६. तारखा तुम्ही बदलता, पोरं आमची जातात. २०२२ मध्ये गोवंडीत, भिवंडीत, मालेगावात गोवर पसरला. तेव्हा आजारी पडलेल्या दोन वर्षांखालच्या बाळांवर आज कुणाची नजर आहे? हा आजार बहुधा सहा ते दहा वर्षांनी उठतो. म्हणजे २०२८ पासून त्यातलं एखादं मूल वर्गात पाढे विसरेल, आणि तिथल्या बाईही म्हणतील, लक्ष देत नाही. साथ संपली की फाईल बंद करायची, ही तुमच्या सगळ्या यंत्रणेची रीत आहे. निवडणुकीला मात्र मतपत्रिका घेऊन माणसं वृद्धांच्या घरी जातात.

प्रमाणपत्रासाठी डॉक्टर घरी पाठवा. औषधाचा खर्च सरकारने उचलावा. २०२२ च्या बाळांची यादी काढून शाळांना आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांना कळवा. उत्तर लेखी हवं, आणि माझा मुलगा असेपर्यंत हवं.

एका मुलाचा बाप,
जि. धाराशिव