उट्रेख्तहून अजून उत्तर नाही

अंबड, नाशिक
रविवार रात्र

प्रिय विन्या,

गणपतीनंतर फोन करतो म्हणालो होतो, आता दिवाळी तोंडावर आली. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. गुडघा होता तसाच, आईचं बीपी गोळीवर. झालं.

हे तुलाच लिहितोय, कारण घरात बोललो तर ‘एवढ्याशा लुकलुकण्याचं काय घेऊन बसलात’ ऐकावं लागतं. उट्रेख्तच्या डच गिऱ्हाइकाची ४० प्रोफाइल लाइट्सची (स्टेजवरच्या स्पॉटची) ऑर्डर तयार आहे. पॅकिंगआधी सगळे दिवे ४८ तास चालू ठेवतो, मग एकेकाचा फेड खाली आणून, म्हणजे उजेड हळूहळू कमी करत बघतो. वरून सगळं सुरळीत, पण शेवटच्या दहा टक्क्यांत सहा दिवे झटके देत विझले. मोबाइलचा कॅमेरा धरला तर भिंतीवर काळे पट्टे सरकताना दिसले. ड्रायव्हरचा, म्हणजे दिव्याला करंट पुरवणाऱ्या सर्किटचा, लॉट वेगळा आलाय.

मेहुणा म्हणतो, “दाजी, पाठवून द्या. दहा टक्क्यांवर दिवा लावतं कोण?”

आता याला काय सांगू! राज्य नाट्यला कालिदासमध्ये शेवटचा फेड तू डिमरवर हात ठेवून, श्वास रोखून खाली आणला होतास, तो दहा टक्क्यांच्या खालीच तर होता. (त्याच्या आदल्या वर्षी दोन वाक्यं आधीच ब्लॅकआउट मारलास आणि तात्या अंधारात एकटेच बोलत राहिले, तेही लक्षात आहे. क्यू मी चुकीचा दिला, असं तू अजून म्हणतोस. दिला नव्हता.)

हा डच गडीही नाटकवालाच. पहिल्या मेलमध्ये भाव विचारला नाही. विचारलं काय, तर डीएमएक्सला (दिवे कंट्रोल करणाऱ्या सिग्नलच्या केबलला) तीन पिन की पाच? स्टँडर्डमध्ये पाच आहेत, पण माइकची केबल चालते म्हणून आपले मांडववाले तीनच मागतात. मी पाच पिनचा सॅम्पल पाठवला, सोबत अर्थिंग टेस्टचा कागद. मग म्हणाला, व्हिडिओ कॉलवर एक दिवा उघडून दाखवा, कुठला ते मी सांगतो. आणि सांगितला तो थप्पीत खालून तिसरा! मेहुणा भडकला, मला मात्र माणूस आवडला. अरे, ३० टक्के आगाऊ, उरलेले ७० बिल ऑफ लेडिंगची (माल बोटीवर चढल्याच्या पावतीची) कॉपी बघून, म्हणजे माल बोटीवर असतानाच. त्याच्या हातात माझ्या शब्दाशिवाय आहे काय? मागच्या खेपेला तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बोट केप ऑफ गुड होपला वळसा घालून निघाली. फॉरवर्डरचा (माल पाठवणाऱ्या एजंटचा) मेल आला त्याच संध्याकाळी मी त्याला कळवलं. चकार शब्द न बोलता त्याने थिएटरच्या तारखा पुढे ढकलल्या.

म्हणून शुक्रवारी व्हिडिओसकट सगळं लिहून टाकलं. सहा दिवे मागे ठेवतो, ३४ आता घे, नाहीतर ड्रायव्हर बदलेपर्यंत सगळेच थांबवू. तेव्हापासून चिडीचूप. न्हावा शेव्याचं बुकिंग बुधवारचं आहे, ड्रायव्हरवाला फोन उचलत नाही आणि मेहुणा माझ्याशी फक्त वरण वाढण्यापुरतं बोलतो. ही म्हणते, शनिवार-रविवार तिकडे कोण मेल बघतं? खरंही असेल. पण मला वाटतं, उरलेल्या ३४ वरचाही त्याचा भरवसा उडाला की काय? सहा सापडले म्हणणाऱ्याच्या नजरेतून सातवा सुटला नसेल कशावरून? त्याच्या जागी मी हेच विचारलं असतं. तूही. तू तर माझ्या सोल्डरिंगवर कधीच विश्वास ठेवला नाहीस.

बाकी, नव्या घराचं मस्त झालं. वास्तुशांतीला आलो नाही, तेव्हा वहिनींसमोर माझी बाजू तूच सावरून घे. चिन्मय यंदा बारावीला ना? त्याला म्हणावं, काका विचारत होते.

दिवाळीत येशील तेव्हा ते सहा दिवे शेडमध्येच असतील. फेड तू खाली आण. झटका खरंच दिसतो की मलाच भास होतोय, एवढं बघून सांग. आणि लेका, फोन करायचा तर मंगळवारनंतर कर.

तुझा,
पम्या