नुसतं 'शांत हो' म्हणून काय होणार?

संपादक महोदय,

परीक्षा आली की मुलांच्या पोटात दुखायला लागतं आणि आपण म्हणतो नाटकं करतोय. पण ते दुखणं खरं असतं हो, भीती वाटली की अ‍ॅड्रेनलिन नावाचं शरीरातलं रसायन वाढतं, छाती धडधडते, अशा वेळी 'शांत हो' म्हटल्यावर कोण शांत झालंय आजवर (आपण तरी होतो का?). माझ्या मुलीला एक गोष्ट जमली, ४ आकडे मोजत श्वास आत आणि ६ मोजत हळूहळू बाहेर, श्वास सावकाश सोडला की ठोके खरंच जरा मंदावतात. धाकट्याला आकडे नकोत, तो साबणाचे फुगे उडवतो, काम तेच. टीनएजर मात्र फुग्यांना तोंड वाकडं करणार, त्यांना ५ दिसणाऱ्या वस्तू, ४ स्पर्श, ३ आवाज, २ वास, १ चव असं मनात मोजायला सांगा, वर्गात बसून केलं तरी कुणाला कळत नाही. फक्त हे सगळं मूल निवांत असताना शिकवायचं, ऐन रडारडीत नाही, ती चूक मी केलीय. आणि झोप, जेवण, शाळा आठवडेच्या आठवडे बिघडलं असेल तर सरळ डॉक्टर किंवा काउन्सेलरकडे न्या.

- एक पालक