काकांची ग्रंथयादी आणि एक पेनड्राइव्ह

नागपूर,
२२ नोव्हेंबर २०२५

प्रिय अरविंद यास,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

इकडे सर्व कुशल आहे. थंडीमुळे आईचा गुडघा थोडा दुखतो, एवढेच. पत्रास कारण महाल भागातले आपले वाचनालय, आणि हा विषय तुझ्याखेरीज कोणापाशी काढून उपयोग नाही.

विंडोज १० चा नेहमीचा आधार (म्हणजे सुरक्षेची अद्यतने) १४ ऑक्टोबरला संपला. वाचनालयाचे चारही संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत; त्यांचे प्रोसेसर चौथ्या पिढीचे आहेत आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप कोणातही नाही. समिती ते भंगारात काढायला निघाली होती. अभ्यासिकेतली मुले त्यांच्यावरच परीक्षांचे अर्ज भरतात आणि नव्या यंत्रांना पैसा नाही, म्हणून लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली घालून पाहण्याचे काम मी मागून घेतले. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अद्यतने मिळणार आहेत.

बर्डीच्या बाजारातून १६ जीबीचा पेनड्राइव्ह आणला. मिंटची आयएसओ, म्हणजे सगळी प्रणाली एकात बांधलेली फाइल, उतरवल्यावर तिचा एसएचए-२५६ हा पडताळणीचा आकडा आधी जुळवून घेतला, कारण खराब उतरलेली फाइल ऐन इन्स्टॉलच्या मध्यावर दगा देते. चिटणीसांनी तीच फाइल दुसऱ्या पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून आणली होती आणि संगणक तिच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हता. सुरू होताना यूईएफआय (संगणकाचा आरंभीचा प्रोग्रॅम) पेनड्राइव्हच्या फॅट३२ रचनेच्या विभागात ईएफआय फोल्डरमधला बूटलोडर, म्हणजे प्रणाली चालू करणारी फाइल, शोधते आणि तो तर आयएसओच्या पोटात बंद असतो, हे त्यांना समजावले. पुढे पेनड्राइव्ह तयार करणाऱ्या रूफस या प्रोग्रॅमने आयएसओ पद्धत (आतल्या फायली सुट्या करून ठेवणे) हवी की डीडी (फाइल जशीच्या तशी उतरवणे), असे विचारले आणि तुझी आठवण झाली. हॉस्टेलवर उबुंटूची फुकट सीडी पोस्टाने यायची तेव्हापासून तू डीडीचा कैवारी. एसडीबी या पेनड्राइव्हऐवजी एसडीए ही हार्ड डिस्क लिहून स्वतःचा अख्खा प्रोजेक्ट पुसल्यावरही 'कमांड बरोबरच होती' असे ठासून सांगणारा तूच. मी आयएसओ पद्धत घेतली, कारण तिच्यात पेनड्राइव्ह साधा फॅट३२ राहतो आणि उरलेल्या जागेत ग्रंथपालकाकांच्या फायली घेता येतात. तुला हे आजही पटणार नाही.

एफ-१२ दाबून पेनड्राइव्ह निवडला आणि मिंट सुरू झाले. ते पेनड्राइव्ह आणि रॅम यांच्यावरच चालत होते, हार्ड डिस्कला हात लागलेला नव्हता. ग्रंथपालकाका शेजारी बसले होते. त्यांनी त्यांची ग्रंथयादी उघडायला सांगितली. लिब्रेऑफिसमध्ये ती उघडली आणि पुस्तकांच्या नावांच्या जागी रोमन अक्षरे, कंस आणि टिंबे यांची खिचडी उमटली. काकांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा पडद्याजवळ वाकले. बोलले मात्र काहीच नाहीत.

यादी युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेताच्या आधीच्या, जुन्या फॉन्टमध्ये आहे. विंडोजमधली त्या फॉन्टची टीटीएफ फाइल मिंटमध्ये आणल्यावर अक्षरे परत दिसू लागली. पण नवी नोंद टंकता येत नाही, कारण त्या फॉन्टचा कळफलक सांभाळणारा प्रोग्रॅम विंडोजचाच आहे. यादी युनिकोडमध्ये नेणे हाच खरा उपाय आहे आणि माझी झोप नेमकी त्यानेच उडवली आहे. त्या फॉन्टमध्ये अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली आहेत: 'किल्ला' मधली वेलांटी 'क' च्या आधी आणि 'वर्ग' मधला रफार 'ग' च्या नंतर. युनिकोडमध्ये दोन्ही उलट. परिवर्तक, म्हणजे यादी युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्रॅम, जोडाक्षरांपाशी कुठे चुकला, तर तो ते सांगणार नाही. लेखकाचे नाव गुपचूप बदलेल आणि पुस्तक कपाटात असूनही यादीत सापडणार नाही. एकेक नोंद कपाटाशी ताडून पाहू शकेल असा माणूस एकच, काका. आणि त्यांची नजर आता पूर्वीची नाही.

एकाच डिस्कवर दोन्ही प्रणाली ठेवाव्यात, असे चिटणीस म्हणतात. मला ते मान्य नाही. रोज सकाळी मेनूतून निवड करण्याचा भार काकांवर कशाला? तीन संगणकांवर मिंट घालावे आणि काकांचा संगणक वाढीव सुरक्षा अद्यतनांवर विंडोज १० वरच ठेवावा, असे मी सुचवले आहे. ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. तेवढ्या अवधीत यादी सुधारून व्हायला हवी. तू असा परिवर्तक लिहून देशील का, जो शंकास्पद शब्द स्वतः दुरुस्त न करता वेगळे काढून दाखवील? नमुन्याची पाने आणि ती फॉन्टची फाइल मी वेगळ्या ईमेलने पाठवतो आहे.

नव्या नोकरीबद्दल वहिनींकडून कळले, मनःपूर्वक अभिनंदन. चिमणीची दहावी जवळ आली असेल, तिला आशीर्वाद. नाताळात इकडे येणार असलास तर तिन्ही संगणकांचे इन्स्टॉल तोवर थांबवून ठेवतो. तसे लगेच कळव, कारण समितीची बैठक पुढच्या रविवारी आहे.

तुझा,
विनायक