पालकमंत्री महोदय, ते हातमोजे अजून आले नाहीत

मा. पालकमंत्री महोदय,
सा. न.

मी सरकारी रुग्णालयात कंत्राटावर सफाई करते. नाव कशाला, वॉर्डात सगळे 'मावशी'च म्हणतात. गेल्या श्रावणात नव्या इमारतीची फीत कापायला आलात, तेव्हा मीच पुढे होऊन हातमोजे आणि रक्तातून लागणाऱ्या काविळीची (हिपॅटायटिस बी) लस मागितली होती. "महिन्याभरात, मावशी," म्हणालात. टाळ्या पडल्या.

गेल्या मंगळवारी काळ्या पिशवीतून सुई आरपार आली आणि अंगठ्यात घुसली. हातात मोजे होते, घरचे, भांडी घासायचे. ती सुई कापून पांढऱ्या टणक डब्यात पडायला हवी होती. रक्ताचा कापूस पिवळ्यात, सलाइनच्या नळ्या लाल पिशवीत, काचेच्या बाटल्या निळ्यात. तक्ता पाठ आहे मला, रोज मीच पुसते ना! डबे मात्र फक्त पाहणीच्या दिवशी बाहेर निघतात.

डॉक्टर भले. म्हणाले, बाधित सुईतून एचआयव्ही हजारात तिघांना लागतो. काविळीचं विचारलं, तर म्हणाले शंभरात तीसपर्यंत, लस नसेल तर. मला लस नाही. सुई कुणाची, तेही माहीत नाही. एचआयव्ही टाळायच्या गोळ्या दोन तासांत घेतलेल्या बऱ्या, पण कपाटाची किल्ली रजेवर! संध्याकाळी मिळाल्या. आता 28 दिवस मळमळ. नातवाचा पापा घेत नाही मी. त्याने काही होत नसतं, डॉक्टरांनी सांगितलंय. कळतं, पण वळत नाही.

लेकीने मोबाइलवर दवाखान्यातल्या कचऱ्याचे 2016 चे नियम वाचून दाखवले. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला लस, वर्षातून एकदा तपासणी, 48 तासांच्या वर कचरा साठवायचा नाही. नऊ वर्षांत माझी एकच तपासणी झाली, हजेरीच्या मशीनवर अंगठ्याची. कचऱ्याची गाडी पाच-पाच दिवस फिरकत नाही. दिवसाला तीनशे सुया निघत असतील, चारशेही असतील, मोजतंय कोण?

ठेकेदार म्हणतो रुग्णालयाला विचारा, रुग्णालय म्हणतं ठेकेदाराला. आणि साहेब, सफाईच्या हजेरीपटावरची आडनावं एकदा वाचा, मग वरच्या मजल्यावरच्या केबिनच्या पाट्या वाचा. भाषणात जात संपलेली असते तुमच्या. तुम्हाला साधा ताप आला तरी गाडी मुंबईकडे वळते, आमच्या नव्या इमारतीकडे नाही.

दीड महिन्याने रक्त तपासायला बोलावलंय. त्या दिवसाचा खाडा धरू नको, एवढं तरी ठेकेदाराला फोन करून सांगा. मोज्यांचं नंतर बघू.

आपली,
वॉर्डातली मावशी