वाड्याचे रुमाल मी उघडलेत

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

बाबा, फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही मध्येच तोडलं असतं, म्हणून लिहितेय. देवघरावरच्या माळ्यातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे, मी काढले, पुण्याला नेऊन स्कॅन केले आणि परत जागेवर ठेवले. कुणाच्या हाती दिले नाहीत, मशिनपाशी मीच उभी होते. दोन रुमालांना वाळवी लागली होती. आणखी एक पावसाळा गेला असता तर वाचायला काही उरलं नसतं. शिवाय बिल्डरला तुम्ही ‘बघू’ म्हणालात. तुमचं ‘बघू’ म्हणजे काय, हे दादाला कळतं तसं मलाही कळतं. वाडा राहो न राहो, तो आपल्याकडे कसा आला ते तरी नीट कळू दे. त्यासाठी बिनपगारी रजा घेतलीय. नोकरीला काही धोका नाही.

आई, मी एकटी नाही. शेजारच्या काकू रात्री सोबतीला येतात, डबा त्यांचाच असतो, गीझर दुरुस्त झालाय. विंचू दिसलेला नाही.

आता जरा सावकाश वाचा, बाबा. ‘पेशव्यांनी दिलेला वाडा’ ऐकत आम्ही मोठे झालो, पण सनद कुठेच नाही. सोप्यावरची गळकी कौलं उतरवली तर एकाच्या पाठीवर बासेल मिशनचा शिक्का. मंगळूरचा तो कारखाना 1865चा, आणि पेशवाई बुडाली 1818ला. छप्पर मागाहून बदललं असेल, जोतं आणि खालच्या चपट्या विटा जुन्या असतील, हे मला मान्य. म्हणून तर जुनी इनामं तपासणाऱ्या इंग्रजांच्या इनाम कमिशनच्या कागदांत आपलं काही निघतं का, ते बघायला पुण्याच्या पुराभिलेखागारात अर्ज केलाय.

मोडी वाचणारं कुणी मिळेना. 2023पासून कुणबी नोंदी शोधायला लागले, तेव्हापासून त्या लोकांना श्वास घ्यायला वेळ नाही. शेवटी एक निवृत्त शिक्षक भेटले. त्यांनी वाचून दाखवलं ते असं: वाडा सावकाराकडे गहाण पडला होता आणि तो सोडवला माजघरातल्या फोटोतल्या आलवणातल्या आजीनं. जिचं नाव कुणी सांगायचं नाही, तिनं. पाटल्या, गोठ, सरी, एकेका दागिन्याचं वजन लिहिलंय. खाली सहीच्या जागी ‘निशाणी बांगडी’. आलवणातली विधवा ती, तिच्या हातात बांगडी कुठली असणार! त्याच कागदाच्या पाठीवर कौलांचा हिशोब आहे, गाडीभाड्यासकट. म्हणजे आपण ज्या छपराखाली झोपलो ते तिचंच.

वाडा गहाण का पडला, ते लिहिलेलं नाही. पणजोबांबद्दल मी वेडंवाकडं काही लिहिणार नाही. 1876-77च्या दुष्काळात सातारा भागात भल्याभल्यांची घरं खचली होती, बाबा, त्यात लाज कसली. पण पेशव्यांच्या नावावर तिचं श्रेय नको जायला. मला तर हा वाडा आता जास्त आपला वाटतो.

कोयनेच्या भूकंपाची चीर अजून तशीच आहे. मला खांद्यावर बसवून तीत बोट घालायला लावायचात आणि ‘इथून 1967 दिसतं’ म्हणायचात. परवा स्टुलावर चढून बघितलं. आता बोटभर नाही, हात जाईल एवढी झालीय. तुम्ही इकडे येऊन त्या खोलीत झोपायचं नाव काढायचं नाही. सुताराला बोलावून टेकू लावून घेतलाय.

बीपीची गोळी नाश्त्याआधी, विसरलात तर दादा मला फोटो पाठवणार आहे. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला आणलेला नाही, आणि दादाच्या बाथरूममधलं पायपुसणं आधी काढून टाक.

सोबत भूमी अभिलेखच्या चौकशी नोंदवहीच्या नकलेचा अर्ज आहे. मालमत्ता पत्रकावर तुमचं नाव, म्हणून सही तुमची लागेल. रागावला असलात तरी करा, राग नंतर फोनवर काढा. आणि काकांना इतक्यात काही बोलू नका, त्यांना मी कागद दाखवूनच सांगेन.

तुमची,
ठमी