पिल्लू घेताना त्याच्या भावंडांचीही चौकशी करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पानावर पिल्लांच्या जाहिराती असतात. ‘जर्मन शेफर्ड, दीड महिन्याची, पहिला डोस झालेली.’ निपाणी-चिकोडी भागात जनावरांच्या दवाखान्यात नोकरी करून मी निवृत्त झालो. गल्लीत कुणाचे पिल्लू आजारी पडले, की अजूनही आधी माझ्याकडेच आणतात. म्हणून हे पत्र.

मागच्या पावसाळ्यात शेजाऱ्यांनी असेच एक नर पिल्लू आणले. पोटावर पुटकुळ्या, दोन्ही कानांत पू. गोळ्या चालू असेपर्यंत बरे, थांबवल्या की पुन्हा तेच. अंगावर मांस धरेना. जो तो म्हणे, पार्वो. पार्वो या विषाणूच्या साथरोगात उलट्या आणि रक्ती हगवण लागते, थोड्याच दिवसांत निकाल लागतो. हे दुखणे महिनाभर रेंगाळले आणि पिल्लू गेले. पुढे कळले, त्याच वेतातले एक कोल्हापुरात आणि एक गोव्यात तसेच गेले होते. विकणाऱ्याने तिन्ही घरांना एकच उत्तर दिले: तुमची निगा कमी पडली. तीच जोडी त्याने पुन्हा लावली. तपासणी कुणीच केली नाही, त्यामुळे दोष आनुवंशिकच होता असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण तीन गावांत तीन सख्खी भावंडे एकाच तऱ्हेने गेल्यावर तरी आई-बापाकडे बघायला नको का?

रोगप्रतिकारशक्तीचा जन्मजात दोष कुत्र्यांत असतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नाही. बॅसेट हाउंड आणि कार्डिगन कॉर्गी या जातींत त्याचा फार गंभीर प्रकार आढळला आहे. तो आईकडून येतो आणि नर पिल्लांना भोवतो. आई मात्र ठणठणीत दिसते. आईच्या चिकातून मिळालेले संरक्षण असते तोवर पिल्लूही खेळते-बागडते. सहा ते आठ आठवड्यांत ते ओसरते आणि दुखणी सुरू होतात. नेमक्या याच दिवसांत पिल्लू विकले जाते! महामार्गावरून एक इकडे गेले, एक तिकडे. भावंडांचे काय झाले ते कुणालाच समजत नाही.

आयरिश सेटरमध्ये दुसरा प्रकार. पांढऱ्या पेशी रक्तात भरपूर असतात, पण रक्तवाहिनीला चिकटून बाहेर पडून जखमेपर्यंत पोचू शकत नाहीत. नाळ पिकते, हिरड्या सुजतात. जनुकातल्या एका अक्षराचा हा फरक 1999 साली सापडला आणि तेव्हापासून चाचणी करून जोड्या लावता येऊ लागल्या. दोष वाहणारे, पण स्वतः निरोगी असे नर-मादी (वाहक) एकत्र आले, तर सरासरी चारांतले एक पिल्लू रोगी निघते. वाहकाला निर्दोष जोडीदार दिला, तर एकही नाही. म्हणजे चांगले रक्त फेकून द्यावे लागत नाही, जोडी तेवढी विचाराने लावावी लागते.

आपल्याकडे नेमके उलटे चालते. रक्त शुद्ध राहावे म्हणून बापालाच लेक लावतात, भावाला बहीण. घोरपडे संस्थानिकांनी नावारूपाला आणलेले, 2005 साली टपाल तिकिटावर आलेले मुधोळचे कुत्रे आपण अभिमानाने पाळतो. त्यांच्यात हा दोष आहे असे मी म्हणत नाही. पण जवळच्या नात्यात जोड्या लावत गेले, की लपलेला दोष कोणत्याही जातीत वर येतो. अथणी-रायबागकडच्या पाळणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

यावरून कुणी लसीकरण मात्र थांबवू नये. असे दोष क्वचित असतात. पार्वो आणि डिस्टेंपर हे साथीचे रोग रोजचे आहेत. पिल्लू सारखे आजारी पडत असेल, तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना सगळे सांगावे, कारण मूळचीच शक्ती नसलेल्या पिल्लाला जिवंत लसही (दुर्बळ केलेल्या जिवंत विषाणूंची) बाधू शकते. रक्तातल्या पेशींची साधी मोजणीसुद्धा पुष्कळ काही सांगून जाते. विकणाऱ्यांनी प्रत्येक पिल्लू कुठे गेले याची वही ठेवावी, वर्षभर फोन करून चौकशी करावी. एकाच वेतात अशी दोन-तीन गेली, तर ती जोडी पुन्हा लावू नये.

2017 च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. तेव्हा आपणही जाहिरात घेताना नोंदणी क्रमांक आणि पिल्लाची जन्मतारीख मागावी, ती छापावी, एवढी विनंती.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्यकीय कर्मचारी, निपाणी