संशय आधी बाहेरच्यावरच काहून जाते

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत घरी बसून काय पाहाल म्हणून यादी येते, त्यात 'मर्डर मिस्ट्री' या इंग्रजी पिक्चरबद्दल चार ओळी होत्या की टाइमपास आहे, लॉजिक शोधू नका. मला हे अजिबात पटलं नाही म्हणून लिहितो. पिक्चर २०१९ चा आहे पण आम्ही आत्ता रोवणी आटोपल्यावर पाहिला, लेकीनं मोबाईल टीव्हीला जोडून दिला, मी, आमच्या घरची अन् बाबा, लेक मधे मधे अर्थ सांगत होती.

स्टोरी साधी आहे. न्यूयॉर्कचा एक पोलीसवाला (ॲडम सँडलर), डिटेक्टिव्हच्या परीक्षेत नापास झालेला पण बायकोला तसं सांगितलंच नाही, अन् त्याची बायको (जेनिफर ॲनिस्टन) केस कापायचं काम करते आणि रहस्यकथा लय वाचते. विमानात एका श्रीमंत माणसाशी ओळख होते, तो आपल्या म्हाताऱ्या काकाच्या बोटीवर नेतो, तिथं म्हातारा मृत्युपत्रावर सही करणार तेवढ्यात लाईट जाते अन् लाईट येते तर त्याच्या छातीत खंजीर. बोटीवर सगळे त्याच्या पैशावर डोळा ठेवून बसलेले, तरी संशय कोणावर, तर या दोघांवर, कारण ते बाहेरचे. मग पळत पळत खरा खुनी शोधायची पाळी त्यांच्यावरच येते. खुनी कोण ते सांगत नाही, काहींनी पाहिला नसेल.

आम्ही पोट धरून हसत होतो पण बाबा हसले नाहीत. ते म्हणाले, असंच होते.

बाबा या गावात घरजावई म्हणून आले, तीस वर्षं झाली होती तरी "बाहेरचा" म्हणूनच ओळख. एका साली एका मोठ्या शेतकऱ्याचं धानाचं पुंजणं (कापलेल्या धानाचा रचलेला ढीग) रात्री पेटलं. बाबा रानडुकरांसाठी जागलीवर, म्हणजे रात्रीच्या राखणीला होते, आग पहिले त्यांनीच पाहिली, ओरडत धावले, घोंगडं मारून विझवताना हात भाजला, अन् सकाळी पानठेल्यावर तोच भाजलेला हात पुरावा झाला. मला आठवते, आईनं दोन दिवस चूल नाही पेटवली. बाबानं आठ दिवस त्या राखेत खुरपं घेऊन शोधलं, तेव्हा वितळलेल्या ॲल्युमिनियमचे मणी सापडले. वर विजेच्या तारा ढिल्या होत्या, वाऱ्यानं एकमेकीवर आपटल्या की वितळलेले थेंब खाली पडतात, हे एका लाईनमननंच समजावलं. बाबावरची तक्रार मागे घेतली गेली पण बाबाच्या दारी येऊन चुकलो म्हणायला कोणी आलं नाही.

म्हणून म्हणतो लॉजिक आहे, बरोबर जागी आहे. बोटीवरचे श्रीमंत लोक असो का पानठेल्यावरचे आमचे लोक, संशयाचं बोट आधी बाहेरच्याकडेच जाते. आणि हे हसवत सांगितलं म्हणून शेवटपर्यंत पाहिलं, नुसतं रडवलं असतं तर बाबा उठून गेले असते.

आता खरी विनंती. आपली झाडीपट्टी, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, धान कापून झालं की रात्रभर नाटकं चालतात, तिकीट काढून लोक थंडीत चादर घेऊन बसतात. हसवणाऱ्या नटाची इथं काय किंमत आहे ते झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. मग खोट्या संशयात सापडलेला माणूस स्वतःच छडा लावतो असं एखादं विनोदी रहस्यनाटक वडसाच्या नाटक कंपन्यांनी काहून करू नये? नायिका म्हणून ब्युटी पार्लरवाली बाई घ्या ना, गावातली प्रत्येक गोष्ट तिच्या खुर्चीवर बसूनच बोलली जाते.

दिवाळीनंतर सीझन लागते, त्याच्या आत हे पत्र छापा ही कळकळीची विनंती. असं नाटक लागलं तर बाबाचं पहिल्या रांगेतलं तिकीट मी आधी काढीन.

तुमचा एक वाचक,
ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर